खुंट रशियन, कलम फिनिश: फिनलंडच्या जुन्या सैनिकी रायफली कशा ओळखायच्या

कोकणात कलमाचं झाड दाखवताना कुणी खुंटाचं नाव सांगत नाही. खाली रायवळाचं रोप असतं, वर हापूसची काडी बांधलेली असते, आणि झाड हापूसचंच म्हणवलं जातं. फिनलंडच्या सैन्याच्या जुन्या रायफलींचंही तसंच आहे. खालचा सांगाडा रशियन, वरची नळी फिनिश, आणि रायफलचं नाव ठरतं ते नळीवरून. एवढं मनात पक्कं केलं की पुढचा गोंधळ अर्धा कमी होतो.

हा लेख नवख्यांसाठी आहे. कुणी गेममध्ये किंवा व्हिडिओत सिमो हायहा या प्रसिद्ध फिनिश नेमबाजाची रायफल पाहिलेली असते, कुणी एस्पो-हेलसिंकीला नोकरीला असतो आणि रविवारी संग्रहालयात काचेसमोर उभा राहून पाच सारख्याच दिसणाऱ्या बंदुकांकडे बघत असतो. त्या पाचांत फरक काय, तो बघायचा कुठे आणि कोणत्या क्रमाने, एवढंच इथे सांगतो. दुरुस्ती, खरेदी-विक्री हा विषय नाही. आपल्याकडे त्यासाठी १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि परवाना, फिनलंडमध्येही परवाना.

आधी भागांची नावं

एनसीसीत गेलेल्यांना नावं पाठ असतील: बट, बॅरल, बोल्ट, मॅगझिन, फोरसाइट, बॅकसाइट. मी नळी, दस्ता (म्हणजे रायफलचं सगळं लाकूड), पुढची माशी, मागची साइट असे शब्द वापरतो. एकच शब्द नीट समजून घ्या, तो म्हणजे रिसीव्हर. बोल्ट ज्या पोलादी खोबणीत मागे-पुढे सरकतो आणि जिच्या तोंडाला नळी आट्यांवर घट्ट बसवलेली असते, तो रिसीव्हर. खुंट म्हणतोय तो हाच.

आपल्या पोलिसांच्या जुन्या थ्री-नॉट-थ्रीशी तुलना केली तर मूळ रायफल लगेच डोळ्यांत भरते. थ्री-नॉट-थ्रीच्या बोल्टचा दांडा खाली वळलेला असतो आणि मॅगझिनमध्ये १० काडतुसं मावतात. मोसिन-नागां या मूळ रशियन रायफलीचा दांडा उजवीकडे सरळ आडवा बाहेर आलेला असतो, दाराच्या कडीसारखा, आणि मॅगझिनमध्ये ५ काडतुसं. रशियन सैन्याने ही रायफल १८९१ मध्ये स्वीकारली. काडतूस ७.६२ × ५४ मिलिमीटरचं, बुडाला कडा असलेलं.

फिनलंडमध्ये इतके प्रकार झालेच का

हा भाग गाळून थेट पायऱ्यांकडे गेलात तरी चालेल, पण मग सगळं घोकावं लागेल. कारण कळलं की फरक आपोआप लक्षात राहतात.

फिनलंड ६ डिसेंबर १९१७ ला रशियापासून स्वतंत्र झाला. १९१८ च्या जानेवारी ते मे दरम्यान तिथे यादवी युद्ध झालं. देशात रशियन तुकड्या होत्या, त्यांच्याकडच्या रायफली हाती लागल्या. नंतर युरोपभर विखुरलेल्या आणखी मोसिन रायफली फिनलंडने मिळवल्या. त्यामुळे नव्या देशाकडे सांगाडे भरपूर होते, मात्र नळ्या झिजलेल्या. नवा रिसीव्हर बनवणं खर्चाचं आणि कटकटीचं काम, म्हणून त्यांनी जुना रिसीव्हर ठेवायचा आणि नळी, दस्ता, साइट बदलायची असा मार्ग धरला.

इथवर सरळ आहे. गुंता पुढे होतो, कारण एकाच घरात दोन चुली होत्या. एक नियमित सैन्य. दुसरी सुओयेलुस्कुन्ता, म्हणजे नागरिकांची स्वयंसेवी संरक्षक संघटना. गावोगावी शाखा, स्वतःचं मुख्यालय, स्वतःचा पैसा, आणि नेमबाजीचं मोठं वेड. या दोघांनी वीस वर्षं आपापल्या रायफली आपापल्या पद्धतीने सुधारल्या. सैन्याच्या एम/२७ आणि संरक्षक संघटनेच्या एम/२४, एम/२८, एम/२८-३०. शेवटी दोघांनी मिळून एक केली, ती एम/३९.

संघटनेने स्वतःचा कारखानाही काढला. १९२१ मध्ये हेलसिंकीत सुरू झालेली शस्त्रदुरुस्तीची कार्यशाळा १९२७ मध्ये रीहिमाकी गावी गेली आणि साको या नावाने वाढली. आज शिकारीच्या रायफलींसाठी प्रसिद्ध असलेलं साको ते हेच. सैन्याचं काम मुख्यतः टिक्काकोस्कीचा कारखाना आणि युवास्क्युलाचा सरकारी रायफल कारखाना, म्हणजे व्हीकेटी, यांच्याकडे असे. (टिक्काकोस्कीने युद्धानंतर शिवणयंत्रंही बनवली. युद्ध संपल्यावर कारखान्यांना पोट भरावंच लागतं.)

पायरी १: लांबी बघा

जवळ जाऊन शिक्के वाचायचा मोह होतो. थांबा. दोन पावलं मागे या आणि आधी रायफल किती लांब आहे ते बघा.

जवळजवळ १३० सेंटिमीटर, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या उंचीइतकी लांब असेल, तर ती मूळ एम/९१ किंवा एम/२४. सुमारे १२३ सेंटिमीटर असेल तर सोव्हिएत नमुन्याची एम/९१-३०. आणि सुमारे ११८.५ सेंटिमीटर असेल तर ती खास फिनिश आखूड घराण्यातली: एम/२७, एम/२८, एम/२८-३० किंवा एम/३९. या चौघींची नळी ६८.५ सेंटिमीटरची.

फोटोत मोजपट्टी नसते, मग अंदाज कसा बांधायचा? दस्त्याबाहेर डोकावणारा नळीचा तुकडा बघा. लांब रायफलीत तो चांगला हातभर पुढे आल्यासारखा वाटतो, आखूड रायफलीत बेताचा.

पायरी २: पुढच्या माशीला कान आहेत का

माझ्या मते सगळ्यात उपयोगाची पायरी हीच. नळीच्या टोकाशी माशी असते. तिचे तीन प्रकार दिसतील.

माशी उघडी, दोन्ही बाजूंना काहीच नाही: एम/९१ किंवा एम/२४.

माशीभोवती गोल कडं: एम/९१-३०.

माशीच्या दोन्ही बाजूंना उभे राहिलेले दोन पोलादी पाखे: फिनिश आखूड रायफल. हे पाखे कुत्र्याच्या टवकारलेल्या कानांसारखे दिसतात. फिनलंडमध्ये उभ्या कानांच्या शिकारी कुत्र्यांची जात आहे, तिला प्युस्त्युकोर्वा म्हणतात, आणि सैनिकांनी हेच नाव रायफलला दिलं. बर्फाळ जंगलात फांद्यांवर आपटून माशी वाकू नये म्हणून हे कान. एम/२८-३० आणि एम/३९ मध्ये या कानांतूनच जाणारे छोटे स्क्रू असतात, त्यांनी माशी डावी-उजवीकडे सरकवता येते. रशियन पद्धतीत त्याच कामाला माशी ठोकून हलवावी लागे.

कान दिसले की पुढे चला. माशी उघडी असेल तर थेट पायरी ६ वर जा.

पायरी ३: दस्त्याच्या टोकाची लोखंडी टोपी

कानांच्या जरा मागे, जिथे दस्त्याचं लाकूड संपतं, तिथे एक पट्टी किंवा टोपी असते. संगीन तिथेच अडकते. एम/२७ आणि एम/२८ यांच्यातला फरक इथे कळतो, आणि नवखे हमखास इथेच चुकतात. मीही चुकलो आहे. एका फोटोतल्या एम/२७ ला मी आत्मविश्वासाने एम/२८ म्हणालो होतो, कारण बाकी सगळं तसंच दिसत होतं.

एम/२७ ची टोपी बिजागरीची असते, दोन भाग उघडून बसवण्याची. एम/२८ ची टोपी एकसंध.

बिजागरीची कल्पना कागदावर ठीक होती, पण सुरुवातीच्या एम/२७ चे दस्ते जुन्या एम/९१ चे दस्ते कापून-तासून केलेले. जाड नळीला जागा करायला आतून लाकूड कोरलं, त्यामुळे पुढचा भाग पातळ झाला. संगीन लावून जोर दिला की तो तुटे. तक्रारी इतक्या वाढल्या की तीसच्या दशकात दुरुस्ती करावी लागली. नंतरच्या एम/२७ मध्ये टोपीला मागे लाकडावर जाणारे आधाराचे पत्रे दिसतात आणि दस्ताही भरीव असतो. म्हणजे आधाराचे पत्रे दिसले तर ती सुधारलेली किंवा दुरुस्त झालेली एम/२७.

एम/२७ ची आणखी एक खूण बोल्टवर आहे. बोल्टच्या खालच्या जोडपट्टीला छोटे पंख काढलेले असतात आणि रिसीव्हरमध्ये त्यांच्यासाठी खाचा पाडलेल्या असतात, म्हणजे बोल्ट मागे ओढला तरी डगडगत नाही. हे काम बारकाईचं आहे. तुटक्या दस्त्यामुळे एम/२७ ला लोक नावं ठेवतात, पण या पंखांकडे बघितलं की करणाऱ्यांच्या हाताला दाद द्यावीशी वाटते.

याच नमुन्याची घोडदळासाठी आणखी आखूड कार्बाइनही होती. २ हजारांच्या थोड्याच वर झाल्या, त्यामुळे प्रत्यक्ष दिसली तर नशीब.

पायरी ४: एम/२८ की एम/२८-३०?

टोपी एकसंध, कान उभे, दस्त्याची मूठ सरळ. मग ही संरक्षक संघटनेची रायफल. पण कोणती?

मागची साइट बघा. एम/२८ वर जुन्या रशियन साइटचाच सुधारलेला अवतार असतो. जुन्या रशियन साइटवरचे आकडे अर्शिनमध्ये होते; एक अर्शिन म्हणजे साधारण ७१ सेंटिमीटर. फिनिश कारागिरांनी त्यांच्या जागी मीटरचे आकडे ठोकले. एम/२८-३० ला मात्र अगदी नवी साइट मिळाली: दणकट, बारीक खाचांची, मुळातच मीटरमध्ये आखलेली. दोन रायफली शेजारी असतील तर हा फरक लांबूनही दिसतो.

दुसरी जागा मॅगझिनची. मोसिनच्या काडतुसाला बुडाला कडा असते आणि एकाची कडा दुसऱ्यात अडकली की भरणं खोळंबतं. फिनिशांनी मॅगझिन आतून सुधारलं आणि त्यावर एच-व्ही ही दोन अक्षरं मारली. हाइरिओव्हापा, म्हणजे ‘न अडकणारी’. जाहिरात करावी तर अशी! पण सावध राहा: एच-व्ही हा शिक्का एम/३९ वरही असतो, त्यामुळे तेवढ्यावरून निकाल देऊ नका.

सिमो हायहाची रायफल ती हीच, एम/२८-३०. तो सैन्याचा पगारी नेमबाज नव्हता. संरक्षक संघटनेत वाढलेला शेतकरी होता आणि संघटनेने दिलेली रायफलच त्याने युद्धात वापरली. त्या रायफलचा संघटनेतला क्रमांक एस-६०९७४ असा नोंदलेला आहे. क्रमांकाआधीचा तो ‘एस’ लक्षात ठेवा, पुढच्या पायरीत लागेल. सोव्हिएत युनियनशी ३० नोव्हेंबर १९३९ ला सुरू झालेल्या हिवाळी युद्धात कोल्ला आघाडीवर त्याच्या नावावर ५०० हून अधिक बळी नोंदले गेले. ६ मार्च १९४० ला त्याच्या जबड्याला गोळी लागली, आठवड्याभरात युद्ध संपलं, आणि तो २००२ पर्यंत जगला.

गेममध्ये त्याच्या रायफलवर हटकून दुर्बीण लावलेली असते. ते चूक. तो साध्या माशीवरच नेम धरायचा. दुर्बिणीतून बघायला डोकं वर काढावं लागतं आणि काचेवर ऊन चमकतं. म्हणून दुर्बीण लावलेलं चित्र ‘हायहाची रायफल’ म्हणून कुणी दाखवलं, तर पुढे वाचायची गरज नाही.

पायरी ५: मूठ वळलेली असेल तर एम/३९

चाप ओढताना हात जिथे धरतो ती जागा बघा. सगळ्या जुन्या मोसिनमध्ये ती सरळ असते. एम/३९ मध्ये तिथे खाली हलका फुगवटा येतो, पिस्तुलाच्या मुठीची सुरुवात असल्यासारखा. दस्ता एकूणच जाडजूड, रायफल हाताला भरीव. साडेचार किलोच्या आसपास वजन.

या रायफलीआधी सैन्याने एम/९१-३५ नावाचा नमुना पुढे केला होता, दोन्ही चुलींसाठी एकच म्हणून. संघटनेने तो झिडकारला: नेम बरोबर नाही, तोंडाशी जाळ फार. नेमबाजीच्या स्पर्धा जिंकणाऱ्यांना हे कोण पटवणार? मग चर्चेअंती एम/२८-३० हा पाया धरून सैन्याच्या काही सूचना त्यात घातल्या आणि १९३९ च्या सुरुवातीला एम/३९ ठरली. मात्र हिवाळी युद्ध संपेपर्यंत जेमतेम १० नग तयार झाले होते. ‘हिवाळी युद्धातली एम/३९’ असं कुणी म्हणालं तर हसून पुढे जावं. खरं उत्पादन नंतर झालं, सुमारे ९६,८०० नग, आणि साठच्या दशकाच्या शेवटी उरलेल्या भागांतून आणखी काही जोडल्या गेल्या.

सैनिक हिला उक्को-पेक्का म्हणत. राष्ट्राध्यक्ष स्विनहुव्हुद यांचं ते लाडाचं नाव. ते स्वतः हौशी नेमबाज होते.

नळीच्या आतही बदल आहे. एम/२८ ची नळी आतून जरा घट्ट होती, अचूकतेसाठी. युद्धात मात्र शत्रूकडून हाती आलेली काडतुसंच वापरायची वेळ येते, म्हणून एम/३९ ची नळी किंचित रुंद ठेवली. सोव्हिएत गोळीही चालेल आणि फिनिश सैन्याची डी-१६६ ही १३ ग्रॅमची जड गोळीही. या जड गोळीसाठी तयार केलेल्या नळ्यांवर ‘डी’ अक्षर मारलेलं असतं. मला एम/३९ बद्दल आदर वाटतो तो यासाठी: स्पर्धेतले गुण थोडे सोडून तिने जंगलातली सोय बघितली. देखणी मात्र एम/२८-३० च.

अडचण एकच. अगदी सुरुवातीच्या काही एम/३९ ना जुनीच सरळ मूठ आहे. तिथे डोळ्यांवर विश्वास न ठेवता शिक्के वाचायचे.

पायरी ६: कान नसलेल्या लांब रायफली

इथे दोनच गिऱ्हाइकं. एम/९१ ही जवळपास मूळ रशियनच, फिनिश शिक्के आणि दुरुस्त दस्ता असलेली. चाळीसच्या दशकात टिक्काकोस्की आणि व्हीकेटीने जुन्या लांबीच्या नव्या नळ्याही बनवल्या. त्यामुळे ‘लांब म्हणजे जुनी’ हे खरं नाही. १९४२ ची लांब नळी सहज दिसते.

एम/२४ ही संघटनेची पहिली सुधारणा. लांबी तीच, पण नळी परदेशातून मागवलेली: काही स्वित्झर्लंडच्या सिगकडून, काही जर्मनीतून. जर्मन नळ्यांवर ब्योलर-श्टाल हे पोलादाचं नाव वाचायला मिळतं. नंतर टिक्काकोस्कीनेही केल्या. बऱ्याच एम/२४ ची नळी जाड आहे आणि फक्त टोकाशी बारीक केलेली, जुनी संगीन बसावी म्हणून. लोट्टा स्व्हार्द या स्त्रियांच्या स्वयंसेवी संघटनेने या रायफलींसाठी पैसे उभे केले, म्हणून हिला ‘लोट्टा रायफल’ म्हणतात.

पायरी ७: आता शिक्के

शिक्के नळीच्या मुळाशी, रिसीव्हरला लागून असतात. रायफलचा क्रमांकही तिथेच, कारण फिनिशांच्या लेखी रायफल म्हणजे नळी.

रोमन टी त्रिकोणात: टिक्काकोस्की. व्ही-के-टी ही अक्षरं: सरकारी कारखाना. साको हे नाव सरळ वाचता येतं. ‘एस’ अक्षरावर फर झाडाच्या तीन डहाळ्या: संरक्षक संघटना. क्रमांकाआधी ‘एस’: तिच्याच नोंदवहीतला नंबर. चौकटीत एस-ए: सुओमेन आर्मेइया, म्हणजे फिनलंडचं सैन्य. हा शिक्का साधारण १९४२ पासून सरसकट मारला गेला, जुन्या-नव्या सगळ्यांवर. म्हणून एस-ए वरून नमुना ओळखता येत नाही, फक्त मालक कळतो. त्यावरून एवढंच म्हणा की ही फिनिश सैन्याच्या ताब्यात होती.

एकाच रायफलवर डहाळ्यांचा एस आणि चौकटीतला एस-ए दोन्ही असले तर चक्रावू नका. आधी संघटनेची, मग सैन्याची. १९४४ च्या युद्धविरामाच्या अटींनुसार संरक्षक संघटना बरखास्त झाली आणि चूल एकच उरली.

रिसीव्हरवरचे रशियन शिक्के फिनिशांनी पुष्कळदा घासून टाकले आहेत. मूळ साल रिसीव्हरच्या शेपटीवर खालच्या बाजूला असतं, दस्ता काढल्याशिवाय दिसत नाही. तुला, इझेव्हस्क, सेस्त्रोरेत्स्क हे रशियन कारखाने. फ्रान्समधल्या शातेलरोचे काही. आणि पहिल्या महायुद्धात रशियाने अमेरिकेत रेमिंग्टन व न्यू इंग्लंड वेस्टिंगहाउसकडून करून घेतलेले. १९४२ च्या एम/३९ च्या पोटात १८९० च्या दशकातला झारचा रिसीव्हर ही नेहमीची गोष्ट आहे. कुणी त्या सालावरून ‘१८९४ ची रायफल’ म्हणालं, तर त्याने खुंट बघून झाडाचं नाव सांगितलं.

सोडून देता येण्यासारखं

दस्त्यातला सांधा बघून तुटकी रायफल समजू नका. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवावीत तसा तो सांधा असतो, बर्च लाकडाचा. ओल-थंडीत लांब लाकूड वाकतं आणि जुना दस्ताही फुकट जाऊ द्यायचा नव्हता. बटावरची धातूची गोल चकती किंवा तिची रिकामी खोबण म्हणजे तुकडीचा क्रमांक. संगीन शेजारी ठेवलेली असेल तर तिच्यावर फिस्कार्स हे नाव मिळू शकतं. हो, नारिंगी मुठीच्या कात्र्यांवालेच.

एकदा करून बघा

समजा फोटोत आखूड रायफल आहे. माशीला दोन कान. टोपी एकसंध. मूठ सरळ. मागची साइट नवी, दणकट. नळीवर साको आणि डहाळ्यांचा एस, शेजारी चौकटीत एस-ए. मॅगझिनवर एच-व्ही. रिसीव्हरवर पुसट तुला. उत्तर एम/२८-३०, संघटनेची, नंतर सैन्याकडे गेलेली. आता यातली मूठ तेवढी वळवा, उत्तर एम/३९. मूठ परत सरळ करून टोपीला बिजागरी लावा, साइट जुन्या पद्धतीची करा, साको काढून त्रिकोणातला टी ठेवा आणि डहाळ्या व एच-व्ही पुसा, उत्तर एम/२७.

प्रत्यक्ष बघायचं तर हेलसिंकीच्या बाजारचौकातून सुओमेनलिन्नाच्या किल्ल्याची बोट पकडा. बेटावर सैन्य संग्रहालयाचं मनेजी हे दालन आहे. जाण्याआधी उघडण्याचे दिवस तपासा, हिवाळ्यात वेळा बदलतात. काचेवर कपाळ टेकलं तर पहारेकरी हटकतो, म्हणून फोटो काढून घ्या आणि बोटीत बसून कान मोजा.